शुश्रूषेची उमेदवारी

१

नाटक पाहून घरी परतताना लोक नायकाच्या भाषणाविषयी बोलतात, नायिकेच्या गाण्याविषयी बोलतात, क्वचित नाटककाराचीही आठवण काढतात. विसरलेले वाक्य विंगेतून हळूच पुरविणाऱ्या प्रॉम्प्टरविषयी मात्र कोणी बोलत नाही. त्याचे काम बिनचूक झाले याचा पुरावाच हा, की ते झाल्याचे कोणाला कळले नाही. ज्या कामाचे यश अदृश्य आणि अपयश तेवढे सर्वांच्या डोळ्यांवर येणारे, ते काम माणसाला शिकवावे कसे, हा शिक्षणातला एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर संगणकावरच्या एका खेळाने दिले आहे. ते उत्तर सर्वस्वी पुरे आहे असे मी म्हणणार नाही. पण ते अशा गांभीर्याने मांडलेले आहे, की त्याचा विचार एखाद्या कादंबरीच्या बरोबरीने करावा.

'फायनल फँटसी चौदा' हा तो खेळ. जपानच्या स्क्वेअर एनिक्स या कंपनीने तो प्रथम सप्टेंबर २०१० मध्ये बाजारात आणला आणि तो सपशेल पडला. मग नाओकी योशिदा यांच्या हाती त्याची सूत्रे देण्यात आली. त्यांनी डागडुजी करीत न बसता नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाशातला एक चंद्र त्या जगावर कोसळवून ते जगच संपविले, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये त्याच भूमीवर नवे जग उभे केले. जुन्या जगाचा हा प्रलय नव्या कथेचा पूर्वेतिहास ठरला. आपल्या पडलेल्या कृतीचा असा उपयोग करून घेणे फार थोड्या लेखकांना साधले आहे. २०२४ च्या जुलैमध्ये या कथेचा 'डॉनट्रेल' हा नवा खंड आला आणि पात्राला गाठता येणारी पातळी शंभरावर गेली.

ज्या वाचकांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावयाचे, तर येथे प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो आणि एक विद्या निवडतो. पहिल्या पातळीपासून ती विद्या वाढवीत न्यावयाची असते. बरीचशी वाट एकट्याने चालता येते. परंतु अधूनमधून अशी भुयारे, असे किल्ले लागतात, की तेथे चौघांनी मिळूनच शिरावे लागते. त्या चौघांची कामे वाटलेली असतात. एक जण ढाल होऊन शत्रूचे सारे घाव आपल्या अंगावर ओढून घेतो. खेळाडू त्याला टँक म्हणतात. दोघे प्रहार करतात. चौथा या सर्वांना जिवंत ठेवतो. तो हीलर. त्याची ही उमेदवारी कशी घडते, आणि तिच्यात नवख्याने कशाकडे लक्ष द्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

२

हीलरांच्या चार विद्यांपैकी सर्वांत जुनी आणि सर्वांत सरळ विद्या ग्रिडानिया नावाच्या अरण्यनगरीत शिकविली जाते. आरंभी तिला कॉन्ज्युररची विद्या म्हणतात. तिसाव्या पातळीवर तिचे रूपांतर व्हाइट मेज या श्रेष्ठ विद्येत होते. या मठाचा प्रमुख इ-सुमी-यान दिसावयास कोवळा मुलगा आहे, डोक्यावर शिंगे आहेत, आणि वय मात्र पुष्कळ आहे. अरण्यातील भूतशक्तींनी निवडलेल्या पाडजाल नावाच्या मोजक्या माणसांपैकी तो एक. त्याची शिकवण अशी, की बरे करण्याचे सामर्थ्य साधकाचे स्वतःचे नसते. ते माती, वारा आणि पाणी यांच्याकडून मागून घ्यावयाचे असते.

या शिकवणीला विरोध करणारे पात्र लेखकांनी मुद्दाम घातले आहे. सिल्फी नावाची एक मुलगी. तिच्या अंगी उपजत गुण आहे, पण तिला मठाची शिस्त नको आहे. अरण्याचे ऐकणे वगैरे तिला थोतांड वाटते. ती जखमींना बरे करते ते स्वतःच्या प्राणशक्तीतून देऊन. तिची आईही असेच करीत असे, आणि असे करता करताच ती गेली. सिल्फीच्या लेखी आईची आठवण आणि ही रीत यांत भेद नाही. रीत सोडावयाची म्हणजे आईला सोडावयाचे. तिचा हट्ट हा अडाण्याचा हट्ट नाही, तो पोरकेपणाचा हट्ट आहे. शेवटी तिला कळते, की आईचे प्रेम खरे होते आणि रीत चुकीची होती, आणि ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात.

मला हा प्रसंग या साऱ्या पसाऱ्यातील एक मोलाचा भाग वाटतो. स्वतःला जाळून दुसऱ्यास उजेड देणाऱ्या माणसाचे आपण फार कौतुक करतो. मेणबत्तीची उपमा तर शिक्षकदिनाच्या भाषणात हटकून येते. हा खेळ नवशिक्याला पहिल्याच पायरीवर सांगतो, की ज्याला पुष्कळांची शुश्रूषा पुष्कळ दिवस करावयाची आहे, त्याने स्वतःला जाळून चालावयाचे नाही. या शिकवणीला दुसरी बाजूही आहे. व्हाइट मेजच्या विद्येचा पूर्वेतिहास असा, की आमदापोर या प्राचीन नगरीने ती निर्माण केली. माख नगरीच्या काळ्या विद्येशी तिचे युद्ध पेटले. दोन्ही बाजूंनी भूमीतील शक्ती इतकी उपसली, की शेवटी महापूर येऊन सारे बुडाले. म्हणूनच पुढे ती विद्या पाडजालांवाचून कोणास देऊ नये असा निर्बंध पडला. म्हणजे स्वतःमधून देणे घातक आणि जगामधून ओरबाडणे त्याहून घातक. देण्यालाही माप हवे, हा या कथेचा आशय आहे.

३

पण खेळाची समीक्षा त्याच्या कथेवर थांबू शकत नाही. नाटकात संवाद एक सांगतात आणि प्रयोग दुसरेच सांगतो असे होते, तसे येथेही होऊ शकते. खेळाचा प्रयोग म्हणजे खेळाडूच्या बोटांना पडणारी सवय. तेव्हा प्रश्न असा, की मापाने देण्याची ही शिकवण हातांनाही मिळते काय?

आरंभी ती मिळत नाही. एकट्याने वाट चालणाऱ्या कॉन्ज्युररला बरे करावयास स्वतःवाचून दुसरे कोणी नसते. तो दगड फेकतो, वारा सोडतो, आणि रानातले प्राणी मारीत पातळ्या चढतो. शुश्रूषेची विद्या घेतलेला माणूस पहिले कित्येक तास मारण्याचेच काम करतो. मग पंधराव्या पातळीच्या सुमारास चाच्यांची एक गुहा लागते, सास्ताशा नावाची. तेथे प्रथमच तीन अनोळखी माणसांचे प्राण त्याच्या हवाली होतात, आणि त्याची तारांबळ उडते.

ही तारांबळ सर्वांची एकाच प्रकारची असते. पडद्याच्या कडेला चौघांच्या प्राणरेषा दिसत असतात. ढालकऱ्याची रेषा थोडी घटली की नवख्याचा जीव वरखाली होतो आणि तो मंत्र टाकतो. पुन्हा थोडी घटली, पुन्हा मंत्र. रेषा सतत काठोकाठ भरलेली असणे म्हणजेच आपले काम उत्तम चालणे, अशी त्याची समजूत होते. तो शत्रूकडे पाहत नाही, जमिनीकडे पाहत नाही. फक्त रेषांकडे पाहतो. परिणाम असा, की पायाखाली उमटलेले अग्निवर्तुळ त्याला दिसत नाही आणि पहिला बळी त्याचाच पडतो.

नवख्याला द्यावयाचा पहिला उपदेश म्हणून असा, की भरल्या घड्यात पाणी ओतू नये. निम्मी उरलेली रेषा म्हणजे मृत्यू नव्हे. शत्रूचा पुढचा घाव केवढा असेल आणि तो केव्हा येईल, याचा अंदाज आला की थांबता येते. आणि थांबता येणे हीच या विद्येतील पहिली प्रगती. त्यामागे साधा हिशेब आहे. एक मंत्र टाकल्यावर दुसरा टाकावयास सुमारे अडीच सेकंद जातात. प्रत्येकाजवळ मंत्रशक्तीचे दहा हजार अंश असतात. 'क्युअर' या पहिल्या मंत्रास चारशे लागतात, तिसाव्या पातळीवर येणाऱ्या 'क्युअर दोन'ला एक हजार. नवखा साहजिकच स्वस्ताकडे वळतो. परंतु अडीच सेकंद दोन्हींनाही लागतात, आणि मोठ्या मंत्राने एका वेळी पुष्कळ अधिक भरून निघते. येथे टंचाई वेळेची आहे, मंत्रशक्तीची नव्हे. जो हे ओळखतो तो दोनदा थोडे देण्याऐवजी एकदा पुरेसे देतो आणि वाचलेला वेळ शत्रूकडे वळवतो. कारण शत्रू लवकर पडला तर घावही कमी बसतात.

खेळाच्या रचनेतील एक दोष मला येथे नोंदवला पाहिजे. या विद्येत वर्षानुवर्षे असा एक गुण ठेवलेला आहे, की लहान क्युअर टाकल्यावर शंभरात पंधरा वेळा पुढचा मोठा मंत्र फुकट मिळतो. अर्थात नवखा त्या फुकटच्या आशेने लहान मंत्रांचा सपाटा लावतो. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्या माणसाची वृत्ती ही. जे शिकवावयाचे त्याच्या नेमके उलट हा गुण शिकवतो, आणि नंतर ती सवय मोडावयास खेळाडूला पुष्कळ वेळ लागतो. धड्याच्या पुस्तकातच चुकीचे गणित छापावे तसे हे आहे.

याच्या उलट, पंचेचाळिसाव्या पातळीवर येणारा 'होली' हा मंत्र रचनेचा उत्तम नमुना आहे. तो खरे तर प्रहाराचा मंत्र. पण त्याच्या तेजाने सभोवतालचे शत्रू काही क्षण दिपून उभे राहतात. प्रत्येक पुनरुक्तीला तो काळ घटत जातो. त्या क्षणांत ढालकऱ्यावर एकही घाव पडत नाही. झालेली जखम भरण्यापेक्षा जखम होऊच न देणे हीच खरी शुश्रूषा, हे कोणीही भाषण न करता त्या एका मंत्रातून कळते. घराघरांतून आजीबाई पथ्यावर एवढा भर का देत, याचे मर्म तेच होते.

४

सर्वांत सुंदर कल्पना मात्र बावन्नाव्या पातळीनंतर येते, ती कमळाच्या फुलांची. लढाईत दर वीस सेकंदांनी व्हाइट मेजजवळ एक कमळ उमलते. अशी तीन साठविता येतात. एक कमळ वाहिले की मंत्रशक्तीचा एकही अंश न वेचता, क्षणाचाही विलंब न लागता कोणाला तरी बरे करता येते. आणि चौऱ्याहत्तराव्या पातळीनंतर असे होते, की तीन कमळे दुसऱ्यांसाठी वाहिली म्हणजे त्यांच्या ठायी एक रक्तकमळ फुलते, आणि त्यातून या विद्येचा एक प्रखर प्रहार निघतो. त्याचे नावच 'मिझरी', म्हणजे वेदना. शुश्रूषेत घालविलेला वेळ त्या एका प्रहाराने जवळजवळ भरून निघतो.

केवळ उपयुक्ततेच्या दृष्टीने पाहिले तर ही आकड्यांची तडजोड आहे. पण तिचा अर्थ तेवढाच नाही. दुसऱ्यांच्या वेदना ज्याने तीन वेळा वेचल्या, त्याच्या हाती ती वेदना शस्त्र होऊन येते. आणि ज्याने कोणाचे काही केले नाही, त्याला ते शस्त्र मिळत नाही. करुणेतूनच सामर्थ्य निपजते, ही कल्पना बोटांच्या तीन हालचालींत उतरविणाऱ्याला मी कलावंत म्हणेन. खंत एवढीच, की ती फार उशिरा येते. सिल्फीची गोष्ट तिसाव्या पातळीच्या आत संपते. तिचा हातांनी घ्यावयाचा अनुभव मात्र त्यानंतर कित्येक आठवड्यांनी मिळतो. कथा आणि क्रिया यांची ही ताटातूट हा या कृतीचा मोठा दोष आहे.

दुसऱ्या विद्येत, म्हणजे स्कॉलरमध्ये, ही ताटातूट अधिकच जाणवते. स्कॉलर होण्यासाठी आधी आर्केनिस्ट व्हावे लागते, आणि आर्केनिस्ट हा प्रहार करणारा. तीस पातळ्या मारण्यात घालवाव्यात आणि एकतिसाव्या दिवशी शुश्रूषेस बसावे, असा हा प्रकार. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच. एका अंगाने वाढविलेली पातळी समनर आणि स्कॉलर या दोन्ही विद्यांना मिळते, ही सोय मोठी आहे. पण सोय म्हणजे शिक्षण नव्हे. वरच्या वर्गात ढकललेला, परंतु खालच्या वर्गाचा धडा न झालेला विद्यार्थी कसा बावरतो, हे शाळेत शिकविणाऱ्यास सांगावयास नको. तरीही स्कॉलरची स्वतःची अशी गोडी आहे. त्याच्याबरोबर एक चिमुकली परी असते. ती आपण होऊन जखमा भरीत राहते, आणि स्कॉलरने घाव पडण्यापूर्वीच कवच घालावयाचे असते. आपल्या मदतनिसावर विश्वास टाकावयास शिकणे, हा तिचा धडा.

उरलेल्या दोन विद्या नवख्याने मागे ठेवाव्यात. २०१५ साली आलेला अ‍ॅस्ट्रोलोजियन तिसाव्या पातळीपासून सुरू होतो. ताऱ्यांची पाने वाटून इतरांचे बळ वाढविण्यात त्याची दोन्ही हातांनी धावपळ होते. २०२१ साली आलेला सेज सत्तराव्या पातळीपासून सुरू होतो. त्याने शत्रूवर केलेला प्रहारच निवडलेल्या सोबत्याची जखम भरतो. पहिल्या पायरीपासून शिकावयाचे तर कॉन्ज्युररला पर्याय नाही. आणि माणसांसमोर फजिती होण्याचे भय वाटत असेल, तर २०२२ पासून पहिल्या भुयारांतही संगणकानेच चालविलेले सोबती घेऊन जाता येते. ते रागावत नाहीत, घाई करीत नाहीत. हात तेथे बसवावा आणि मग माणसांत यावे.

५

आता सर्वांत नाजूक मुद्दा. जिवंत माणसांच्या मेळाव्यात कोणी मेले की सर्वांची दृष्टी हीलरकडे वळते. ढालकऱ्याने झेपेल त्याहून अधिक शत्रू ओढले असतील, प्रहार करणारा आगीत उभा राहिला असेल. तरी पहिला प्रश्न असतो, हीलर काय करीत होता? नवख्याच्या नावापुढे एक हिरवा कोंब दिसतो, आणि त्या कोंबाकडे पाहून पुष्कळ अनुभवी खेळाडू सांभाळून घेतात. फेरी संपल्यावर अनोळखी सोबत्यांपैकी एकाला शाबासकी देण्याचीही सोय आहे. ही व्यवस्था मला सौजन्याची वाटते. पण मन घट्ट करण्याचा धडा शेवटी ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. दुसऱ्याचा प्रत्येक मृत्यू आपल्या माथी घेणारा हीलर फार दिवस टिकत नाही. 'रेज' या मंत्राने मेलेल्याला उठवावे, आणि त्याचा अपराध अथवा आपला अपराध यांचा हिशेब न करीत पुढे चालावे. त्या मंत्राला एरव्ही आठ सेकंद लागतात आणि दोन हजार चारशे अंश खर्ची पडतात. ऐन लढाईत तो तत्क्षणी टाकण्याची युक्ती अठराव्या पातळीवर मिळते, ती अशाच वेळेसाठी राखून ठेवावी.

या प्रश्नाला २०२४ मध्ये वेगळेच वळण लागले. डॉनट्रेल येण्याच्या सुमारास काही हीलर खेळाडूंनी चक्क संप पुकारला. त्यांची तक्रार कामाच्या ओझ्याची नव्हती. काम उरले नाही, ही होती. ढालकऱ्यांना स्वतःच्या जखमा स्वतःच भरण्याची साधने इतकी मिळत गेली, की निष्णात मंडळी हीलरवाचून भुयारे पार करू लागली. मग हीलरच्या वाट्याला तोच एक प्रहार पुन्हा पुन्हा करणे उरले. वेतनवाढीसाठी, कामाचे तास घटविण्यासाठी झालेले संप आपल्याला ठाऊक आहेत; आमची गरज भासू द्या, एवढ्यासाठी झालेला संप विरळा. तो हसण्यावारी नेऊ नये.

हे नीट पाहिले तर मी वर केलेल्या स्तुतीलाच तो आव्हान आहे. जखम होऊ न देणे ही श्रेष्ठ शुश्रूषा खरी. पण ज्या जगात जखमच होत नाही, तेथे शुश्रूषक कशाला? थांबावयास शिकविणाऱ्या विद्येचा शेवट कायमच्या थांबण्यात झाला तर त्याला सिद्धी म्हणावयाचे की बेकारी? माझ्या मते भेद असा, की न लागणारी मदत आणि न दिसणारी मदत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. न दिसणाऱ्या मदतीत देणाऱ्याचा निर्णय असतो. त्याने केव्हा द्यावयाचे आणि केव्हा नाही हे ठरविलेले असते, आणि त्यातच त्याची प्रतिष्ठा असते. न लागणाऱ्या मदतीत त्याचा निर्णयच काढून घेतलेला असतो. कर्त्यांनी सोबत्यांना स्वावलंबी केले यात वाईट काही नाही. मात्र परस्परांच्या गरजेवर उभारलेल्या खेळातून गरजच हळूहळू काढून टाकली, तर शेजारी शेजारी खेळणारी चार एकटी माणसे तेवढी उरतात.

म्हणून ही कृती मला थोर आणि अपुरी अशी दोन्ही वाटते. देण्याचे माप, थांबण्याचे धैर्य आणि करुणेतून येणारे बळ या तीन गोष्टी तिने ज्या रीतीने सांगितल्या, त्या रीतीने त्या पुस्तकाला सांगता आल्या नसत्या; कारण पुस्तक वाचणाऱ्याच्या हाती दुसऱ्याचे प्राण नसतात. पण ते सांगताना धडे मागेपुढे झाले, आणि जे शिकविले त्याला पुरेसे काम ठेवले गेले नाही.

घरातल्या मुलामुलींपैकी कोणी सुटीत या खेळाला बसले आणि ढाल-तलवार सोडून पांढरा झगा घेऊ लागले, तर वडीलधाऱ्यांनी चिंता करू नये. तासाला माप असावे, जेवणाला हाक मारावी, आणि सवड मिळाली तर शेजारी बसून एकच विचारावे: आता मंत्र का टाकला नाहीस? त्याला उत्तर देता आले, तर उमेदवारी नीट चालली आहे असे खुशाल समजावे.